धरणकाठी बगळे बघताना

पक्षी माणसांना घाबरतात, हे मी पुस्तकात वाचले होते. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, किती घाबरावे हे त्या पुस्तकात नव्हते.

औंढ्यातल्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. आबांनी भात पिकवून मला शिकवले, याची जाणीव मला कायम असते. फक्त त्या ऑक्टोबरमधल्या रविवारी ती जरा कमी पडली. कापलेले भात खाचरात वाळत पडले होते. आबा म्हणाले, "आज वाळू दे. उद्या बांधू भारे." म्हणजे मी मोकळा, असा अर्थ मी काढला. नवी दुर्बीण गळ्यात घातली, लपून बसायला गोठ्याच्या माळ्यावरची ताडपत्री काखेत मारली आणि बायकोला, सुनीताला, घेऊन धरणाकडे निघालो.

"आभाळ भरून आलंय," सुनीता म्हणाली.

"मोबाईलवर ऊन दाखवतंय."

"मग मोबाईललाच न्यायचं होतं सोबत."

जांभळीच्या रानात एकही पक्षी नव्हता. धरणाच्या काठावरही नव्हता. (त्यांना पावसाचा अंदाज आला असावा. त्यांच्याकडे मोबाईल नसतो.) मला भयंकर राग आला. सुट्टी माझी, दुर्बीण माझी, आणि या बगळ्यांना दोन मिनिटे काठावर उभे राहता येत नाही? तेवढ्यात ढग गडगडले, कुठेतरी कडाडून फांदी मोडली आणि पाऊस चक्क आडवा यायला लागला. आम्ही खडकाला टेकलो आणि ताडपत्री डोक्यावर ओढून घेतली.

फोन वाजला. आबा.

"ताडपत्री कुटंय?"

"माळ्यावर असेल की, आबा."

"न्हाई तितं."

"नीट बघा. आपल्या घरात वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही कुणाला," मी चिडून म्हणालो.

सुनीताने फक्त वर बघितले. मग मीही वर बघितले.

"आबा," मी म्हणालो, "सापडली."

पुढचे संभाषण लिहिण्यासारखे नाही. आम्ही पळत सुटलो. वाऱ्याने माझ्या हातातून ताडपत्री हिसकावली आणि थेट धरणात नेऊन टाकली.

"ती बघा, पोहतीय," सुनीता दातओठ खात म्हणाली. "एवढा मोठा पक्षी हाय का तुमच्या पुस्तकात?"

घरी पोहोचलो तर आबा आणि आई चिंब भिजून भात आत वाहत होते. आम्हीही लागलो. ओटी भरली, स्वयंपाकघर भरले, माझा पलंग भरला. आबा एक शब्द बोलत नव्हते. ती कसर आईने भरून काढली.

"वर्साचं खायाचं भात हाय ते. मोड आलं तर ती दुर्बीण उकडून खा."

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. आबांनी भात अंगणात पसरले, माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाले, "बस हितं. एक दाना जाता कामा नये."

मी रजा टाकून बसलो. चिमण्या आल्या, साळुंख्या आल्या, पारवे तर थव्याने आले. सगळे हाताच्या अंतरावर. मी ओरडलो, काठी आपटली, शेवटी दुर्बीणही फेकून मारली.

भात बरेचसे वाचले. पण पक्षी माणसांना घाबरतात, हे साफ खोटे आहे. किंवा मग त्यांनी मला अजून माणसांत धरलेले नाही. त्या आठवड्यात आबांचेही तेच मत होते.