घाटाआधीचं दही
आंबट दह्याचा वास आला की मला लोधिवलीचं अंगण आणि काकांची फियाट आठवते. बाबांची पुण्याला बदली झाली होती आणि आमच्या कुत्र्याला गाडी लागायची. काकांनी गाडी दिली, पण बजावलं, "घाटात ओकला तर तितंच उतरवीन हां त्याला!" तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं, की निघणाऱ्याच्या हातावर आई दही ठेवते, तसं दर वेळी त्यालाही पोटभर दहीभात चारते. त्या दिवशी त्याला उपाशीच ठेवलं आणि पुढच्या उघड्या खिडकीशी माझ्या मांडीवर बसवलं. गाडी बाबा चालवत होते, आई आणि सोबत निघालेले काका मागे. खोपोली गेली, घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाला आई मागून विचारायची, "कसाय गं?" आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायची. शेवटच्या वळणावर मी किंचाळले, "नाही ओकला!" तेवढ्यात, सकाळी भरपूर दहीपोहे खाल्लेले काका मागून ओरडले, "थांबव रं गाडी!" घाटात उतरले ते काकाच, आणि ते वाकून ओकत असताना कुत्रा उडी मारून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आजही घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मी दही ठेवते. कुत्र्याच्या कपाळाला मात्र नुसता अंगारा लावते.