मागच्या दाराची ओल

घरदुरुस्तीच्या या ग्रुपवर भिंतीच्या ओलीचा विषय निघाला की लांबलचक सल्ले देणारा मीच. "घरात काहीतरी असेल" म्हणणाऱ्यांची सर्वात जास्त टिंगलही मीच केलीय... म्हणून हे लिहिताना लाज वाटून राह्यली. हसायचं तर हसा.

आमचं घर वडसा-गडचिरोली रस्त्यावरच्या एका गावात, तलावाच्या अगदी पाळीला, बांधालाच लागून. मी चंद्रपूरला नोकरीला. पण सुट्टी मिळाली की घरी थापी-ओळंबा घेऊन बसणार. बा, म्हणजे माझे वडील, जन्मभर त्या तलावात मासे धरत आले. मागचं दार तलावाकडे उघडायचं — तीन फूट रुंद, सहा फूट उंच. सकाळी नऊच्या सुमारास बा खांद्यावर ओलं जाळं घेऊन तिथूनच आत यायचा. माय दाराशी तांब्याभर पाणी ठेवायची, तो पाय धुवायचा. देव समोरच्या खोलीत, आणि ओलं जाळं देवासमोरून न्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

मला नेमका तिथेच किचनचा ओटा हवा होता. याच ग्रुपवर सगळ्यांनी सांगितलं — मागचं दार बुजवा, जागाच जागा! मी स्वतःच्या हातानं विटा रचल्या. बा मागे उभा.

"मंग मी कुठून येऊ?"

"समोरून ये ना बा. फक्त जाळं बाहेर ठेव, टाईल्स नव्या आहेत."

"जाळं बाहेर ठेवून घरात यायले मी काय पाहुणा आहो का?"

मी चिडलो. "बस झाली आता ती मासोळी. घरभर वास मारते."

हे वाक्य आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. जाळं खुंटीला लागलं ते लागलंच. तो समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचा, रस्त्याकडे तोंड करून. पाच महिन्यांत गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

तेरवी झाली आणि ओट्याच्या वर ओल आली. बुजवलेल्या दाराच्याच रुंदीची. रोज नऊला यायची, दुपारपर्यंत सुकायची. तेही भर एप्रिलमध्ये, तलाव तळाला गेलेला असताना! त्या भिंतीत पाईपसुद्धा नाही. ग्रुपवर फोटो टाकला. पावडर मिसळा, कोट मारा, प्लास्टर खरवडा... सगळं केलं. मग एकानं सुचवलं — प्लास्टिक चिकटवून बघा, पाणी भिंतीतून येतं की हवेतून ते कळेल. चारही बाजूंनी घट्ट टेप मारली.

दुसऱ्या दिवशी नऊला प्लास्टिकच्या आतून थेंब. आणि त्या थेंबांत, प्लास्टिक आणि भिंत यांच्या मध्ये, माशाचा एक खवला. ओला, ताजा. बा गेल्यापासून घरात मासोळी आलीच नव्हती.

मायनं तो बोटावर घेतला. "रोहूचा हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "रोज येते रे तो. भिंतीपासून वापस जाते."

त्याच दिवशी मी छन्नी-हातोडा घेतला. ओटा फोडला, विटा काढल्या. एकूण एक वीट आतून कोरडी ठणठणीत! जुनी चौकट पुन्हा बसवली, दार सताड उघडं ठेवलं. मायनं तांब्या भरून ठेवला.

तेव्हापासून ओल नाही. काहीच नाही. माय रोज तांब्या ठेवते आणि संध्याकाळी पाणी जसंच्या तसं ओतून देते.

एकदा न राहवून विचारलं, "माय, आता काऊन नाई येत?"

"तुले वाटते दार उघडलं म्हणजे झालं?" एवढंच बोलली आणि आत गेली.

तो खवला डबीत ठेवलाय. टेपच्या आत कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. ओल घालवायचे शंभर उपाय तुम्ही मला दिलेत. ती परत आणायचा एखादा माहीत असेल, तर तेवढा सांगा.