हाडानं धरायला हवं

कशेळ्याचा येसाजी सनईवाला. मोटरसायकलवरून पडून त्याचा वरचा पुढचा दात गेला आणि फुंक ओठातून निसटायला लागली. काढता दात लावला, तर तो सूर धरताच हलायचा. शेवटी कर्जतच्या डॉक्टर समीक्षाताईंनी हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावायचं ठरवलं.

पहिला स्क्रू तीन महिन्यांत डुगडुगला आणि काढावा लागला. हाडानं त्याला धरलंच नव्हतं. तंबाखूची मिश्री सोडली असं सांगून येसाजी गोठ्यामागे दिवसातून तीनदा लावत होता. आता त्यानं ते कबूल केलं.

ताईंनी जखम भरू दिली, मिश्री सुटू दिली, मग दुसरा स्क्रू घातला. हा अंगानं खरबरीत होता, हाडाला धरायला जागा मिळावी म्हणून. शिवाय येसाजीच्याच दंडातलं रक्त यंत्रात फिरवून त्याचा जेलीसारखा गोळा स्क्रूभोवती भरला. यानं जखम भरायला मदत होते, पण तंबाखूपुढे याचाही भरवसा नाही, असं त्यांनी बजावलं. आणि सहा महिने सनई बंद.

येसाजीचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या महिन्यात चुलतभावाकडे हळद होती. तिथं दुसऱ्याच कुणाची सनई वाजत होती, ती त्याला ऐकवेना. शेजारच्याच्या डबीतली चिमूटभर मिश्री कधी हिरडीला लागली ते कळलंही नाही. त्यानं दहादा चूळ भरली. धास्ती मात्र गेली नाही. बायकोला, चिमाला, सांगायचं धाडस होईना. गार पाणी झोंबलं तरी वाटायचं, गेला हाही. चार महिने तो अर्ध्या तोंडानं जेवला.

तपासणीला खुर्चीत बसताच तो म्हणाला, "ताई, एकदा लावली हाय मी. आदी सांगतो, मग बघा."

ताईंनी एक्स-रे काढला, स्क्रूला छोटं यंत्र लावून पकडीचा आकडा पाहिला. मग पुन्हा मोजला.

"धरलंय हाडानं," त्या म्हणाल्या. "पण परत सुरू केलीत तर पकड सुटेल. हे पथ्य आता जन्माचं."

स्क्रूवर पक्का दात बसला आणि वैशाखात पुतणीच्या लग्नात त्यानं सनई ओठाला लावली. पहिला सूर घोगरा निघाला, पण फुटला नाही. पुढं तासभर तो वाजवत राहिला.

तरी अजून, दर सहा महिन्यांनी तपासणीला निघाला की कर्जतपर्यंत जीपमध्ये तो कुणाशी बोलत नाही.