लिफ्टमधला नंबर

गिऱ्हाईकाने करार मधेच मोडला, की संभाजी भांडायला जात नसे. लिफ्टमध्ये लावलेलं आपल्या फोन नंबरचं स्टिकर तो स्वतःच्या हाताने खरवडून यायचा. दुसऱ्या कुणी खरवडलेलं त्याला बघवत नसे. लिफ्ट दुरुस्तीचा त्याचा धंदा तो केवढासा, त्यातही निम्म्या लिफ्ट कर्वेनगरच्या एकाच गल्लीतल्या. एक सोसायटी नाराज झाली तर बाकीच्यांना पांगायला कितीसा वेळ!

आणि त्याच गल्लीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा, माधवरावांचा, आज सकाळी फोन आला. "पुढच्या महिन्यापासून आपली सेवा नको." एवढं बोलून ठेवलासुद्धा. कारण विचारायची गरजच नव्हती. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. त्याने धावत जाऊन दार उघडलं, पण बाहेर आल्यावर म्हातारी त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

"त्यांना कराराचा कागद दावा की," बायको, शकू, म्हणाली. "निम्मं वरीस ऱ्हायलंय अजून."

"आत माणूस अडकलं व्हतं, शकू. कागद कुठल्या तोंडानं दावू?"

दुपारी तो लिफ्टमध्ये स्टिकर खरवडत असतानाच माधवराव समोर येऊन उभे राहिले.

"हे काय नवीन?"

"नंबर काढतोय, साहेब. चूक माझीच हाय. त्या दिवशी आजी अडकल्या..."

"त्याचा इथे काय संबंध? बिल्डिंग पाडतायत. महिनाअखेर सगळेजण घरं रिकामी करणार. पाडलेल्या बिल्डिंगमध्ये लिफ्टने जायचं कुठे?"

"मग फोनवर तसं सांगायचं ना, साहेब."

"तुम्ही विचारलंत?"

संभाजी मट्‌कन पायरीवर बसला. गिऱ्हाईक तर गेलंच होतं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता आणि त्याला चक्क हसू येत होतं.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन दुर्गाबाई आल्या. स्टिकरकडे बघून म्हणाल्या, "तो नंबर राहू द्या. महिनाभर अजून वर-खाली करायचंय मला."

संभाजीला राहवेना. "आजी, त्या दिवशी तुम्ही रागावला व्हता ना?"

"छे हो. कवळी घरी राहिली होती. तशीच बोलू का चारचौघांत?"

एवढं बोलून त्या त्याच्याआधी लिफ्टमध्ये शिरल्या, आणि दार धरून त्याची वाट बघत उभ्या राहिल्या.