जावेच्या लुगड्याचा भाव

कामठ्याच्या शामकलाने गोंदियाच्या दुकानातून चौदा रुपयांचं हिरवं लुगडं आणलं आणि रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा नेसून घडी मोडायला धाकट्या जावेला, धुरपताला, दिलं. आठच दिवसांत धुरपताने त्याच दुकानातून तसंच लुगडं आणलं, तेही अकरा रुपयांत! शामकलाला जेवण जाईना. तीन रुपयांचं दुःख नव्हतं हो. जाऊ स्वस्तात मिरवते, हे सोसत नव्हतं.

दुकानात पाटी होती : पंधरा दिवसांत भाव उतरला तर फरक परत. शामकला दोन्ही लुगडी घेऊन गेली. साक्षीला धुरपताला न्यावंच लागलं.

“बाई, इसकी तो घडी मोड डाली! अब फरक नहीं मिलेगा,” सेठ म्हणाला.

शामकला लुगडी आवरून निघायला लागली. धुरपता पुढे सरकली. “घडी म्या मोडली, सेठजी. पाटीवर घडीचं कुठं लिवलं हाये? वाचून दाखवा ना!”

गिऱ्हाइकं हसली. सेठने मुकाट्याने तीन रुपये दिले.

“झाली ना बराबरी, बाई? मंग तोंड काऊन पाडून राहिल्या?” परतताना धुरपताने विचारलं.

शामकला काय सांगणार? आता तिला जावेच्या जिभेचा हेवा वाटत होता.