लॉवेल काय म्हणाला होता

टॅनर्स लँडिंगमध्ये अर्लीन स्टिटला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. ओहायो नदीच्या काठचं हे गाव. काचेचा कारखाना बंद पडला तशी तरणी माणसं पांगली आणि मागे म्हातारीकोतारी राहिली. तरी शुक्रवारी संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलसमोर गाडी लावायला जागा मिळत नसे. कारण एकच, अर्लीनच्या हातचा मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा. नवरा हार्लन हॉलचा अध्यक्ष. तो दाराशी उभा राहून आल्यागेल्याच्या पाठीवर थाप मारी, आणि ही आत कढईपुढे तेलाचे चटके खाई. "हार्लन देश सांभाळतो, मी बटाटे," असं ती हसत म्हणे.

हॉलच्या मधल्या भिंतीवर तिच्या भावाचा, लॉवेलचा फोटो होता. गणवेशातला, कान जरा पुढे आलेला. खाली पितळी पट्टीवर त्याचे शेवटचे शब्द कोरलेले: 'अर्लीनला सांग, आपला देश या किमतीचा आहे.' दरवर्षी मेअखेरीस हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी हार्लन भाषणात ही हकिगत सांगे, आणि दरवर्षी बायका डोळ्यांना रुमाल लावत.

अर्लीनची आई लवकर गेली. थोरला व्हर्नन लग्न करून ओरेगॉनला गेला तो नाताळच्या कार्डापुरता उरला. लॉवेल आणि गॉर्डन या दोन धाकट्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते अर्लीनने. लॉवेलला सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं, तो व्हिएतनामला गेला आणि बंद पेटीतून परत आला. लष्कराची दोन माणसं येऊन "कर्तव्य बजावताना" एवढंच बोलली. पेटी उघडू दिली नाही. वडील पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले ते तिथेच बसू लागले. अर्लीनला रडूही आलं नाही. ती नुसती भांडी घासत राहिली.

पुढच्या वसंतात हार्लन फौजेतून परतला. गावातलाच मुलगा, एक पाय ओढत चालणारा. गणवेशातच तो त्यांच्या दारी आला, टोपी काढली, आणि वडिलांना म्हणाला, "मी होतो लॉवेलच्या जवळ. माझ्या हातावरच गेला." मग त्याने ते शब्द सांगितले. अर्लीन त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

गॉर्डन चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अर्लीनला सांग, असं म्हणाला? तो तिला जन्मात कधी अर्लीन म्हणाला नाही. अर्ली म्हणायचा."

हार्लन जरा थांबला. "तुझ्यासाठीही निरोप होता," तो म्हणाला. "गॉर्डनला सांग, आता तुझी पाळी."

त्याच उन्हाळ्यात गॉर्डनला बोलावणं आलं आणि त्याने पिशवी भरली ती कॅनडाला जायला.

"त्याने मरताना तुझं नाव घेतलं," अर्लीन म्हणाली.

"माझं नाव हार्लनने घेतलं. लॉवेल असं बोलणारच नाही. देश एवढा मोठा आहे ना? मग माझ्यावाचून त्याचं काय अडलंय?"

"हळू बोल. बाबा ऐकतायत."

"त्यांनी ऐकावं म्हणूनच बोलतोय. चूक झाली तर चुकलो म्हणायची ज्याची छाती आहे, तो देश मला मोठा वाटेल. आपला एक पोरगा गेला म्हणून दुसरा टाका, हे मोठेपण मला कळत नाही."

वडील पायरीवरून उठले नाहीत. बोलली ती अर्लीन. "आज गेलास तर दोघंही गेले असं मी धरीन. फरक इतकाच की लॉवेलच्या थडग्यावर फुलं वाहता येतात."

गॉर्डन गेला. पुढच्या वर्षी अर्लीनने हार्लनशी लग्न केलं. लॉवेलचा हात शेवटी ज्याने धरला त्याच्या हातात हात द्यावा, असं तिला वाटलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण गावाला समजलं होतं. नवरा म्हणून हार्लनला नावं ठेवायला जागा नव्हती. दारूचं व्यसन नाही, हात उगारणं नाही, आजारी सैनिकांना स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेऊन आणणं. मूलबाळ झालं नाही, तर त्याने हॉललाच संसार मानलं.

पुढे वडील वारले. सरकारने भरती चुकवलेल्यांना माफी दिली तेव्हा गॉर्डन एकदा आला, थेट दफनभूमीवर. फाटकात हार्लन हॉलची चार माणसं घेऊन उभा. "इथे झोपलेल्यांनी पाठ दाखवली नव्हती," तो म्हणाला. अर्लीन त्यांच्यातच उभी होती.

"अर्ली, मला फक्त बाबांना भेटायचंय," गॉर्डन म्हणाला.

"बाबांनी तुझी वाट पाहिली नाही," अर्लीन म्हणाली.

हातातली फुलं कुंपणावर ठेवून तो निघून गेला. त्यानंतर त्याचं नाव त्या घरात निघालं नाही.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. इराकची लढाई सुरू झाली त्या वर्षीच्या मे महिन्यात गावात झेंडा नाही असं घर नव्हतं, आणि एका शुक्रवारी हॉलमध्ये एक उंच, पाठीत वाकलेला काळा माणूस आपल्या मुलीबरोबर आला. परका माणूस म्हणून दोन-तीन माना वळल्या. तो भिंतीवरच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला, पट्टी वाचली, आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला.

"बाई, इथे रूबल घराण्यातलं कोणी आहे का?"

"मी. माहेरची रूबल. लॉवेल माझा भाऊ."

त्याने टोपी काढली. "मी ओडेल बॅटिस्ट. लुईझियानाचा. ट्रक मी चालवत होतो."

"कुठला ट्रक?"

तिला काहीच ठाऊक नाही हे ओडेलच्या लक्षात आलं. तो खाली बसला. मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नदीला पूर होता, बाई. पूल वाहून गेलेला. वरून हुकूम आला, पाण्यातूनच न्या. मध्यावर ट्रक कलंडला. सगळी पोरं पोहत निघाली, माझा पाय अडकला. लॉवेल काठाला लागला होता. लागला होता काठाला. तिथून मागे वळला. त्याने माझा पाय सोडवला, आणि ट्रक पुन्हा कलला तो त्याच्यावर."

"जवळ कोण होतं?"

"मी. दुसरं कोणी नाही."

"हार्लन स्टिट नव्हता?"

"आमच्या तुकडीत? असं नाव मी ऐकलं नाही."

अर्लीनने अंगातल्या ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "शेवटी काय म्हणाला तो?"

ओडेलने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाण्याखाली माणूस काय बोलणार, बाई?"

जरा वेळाने त्यानेच पुढे सांगितलं, "एरवी खूप बोलायचा. अर्ली असं करते, अर्ली तसं करते. धाकट्याची काळजी होती त्याला. म्हणायचा, आमच्या घरातून सरकारला एक दिला, पुरे झाला. गॉर्डनला बोलावणं आलं तर मी स्वतः पाठीत लाथ घालून त्याला उत्तरेला कॅनडात पिटाळीन. मी आधीच यायला हवं होतं. पण दारात उभा राहून काय सांगू, तुमचा गेला आणि मी राहिलो? ही पोरगीच म्हणाली, ज्याच्यामुळे मी जन्मले त्याच्या घरी एकदा जाऊया."

आत कढईत मासा करपून धूर झाला होता. अर्लीनच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

हार्लन त्या दिवशी मिरवणुकीच्या कामाला बाहेरगावी गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणातल्या टेबलावर झेंड्यांच्या घड्या घालत असताना अर्लीन समोर येऊन उभी राहिली.

"ओडेल बॅटिस्ट आला होता."

"कोण?"

"लॉवेल ज्याच्यासाठी बुडाला तो."

हार्लनच्या हातातली घडी अर्धी झाली होती. ती त्याने आधी पुरी केली, कोपरा नीट आत खोचला, मग झेंडा खाली ठेवला.

"कुठे होतास तू, हार्लन?"

"जर्मनीत."

"काय करत होतास?"

"कोठारात होतो. ब्लँकेटं, बूट. माल उचलायची गाडी पायावरून गेली."

"आणि आमच्या दारात काय सांगितलंस?"

"तुझे वडील पायरीवर बसले होते, अर्लीन. मी गणवेशात, जिवंत, आणि ते माझ्याकडे बघतायत. तोंडातून निघून गेलं, की मी जवळ होतो. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल, एवढंच होतं मनात. मग तू रडायला लागलीस. आता मागे कसं घेणार?"

"आणि गॉर्डनचं?"

"गॉर्डन असा बघत होता की याला सगळं कळलंय. त्याचं तोंड बंद करायला काहीतरी हवं होतं."

"तोंड बंद करायला," अर्लीन म्हणाली.

हार्लन अजिजीने म्हणाला, "त्या एका वाक्यावर हे गाव ताठ उभं राहिलं. कारखाना गेला, तरुण गेले, तरी लोकांना वाटलं, आपण कुणीतरी आहोत. देश असाच उभा राहतो. प्रत्येकाला खरंच सांगत बसलो तर कोण उभं राहील?"

"लॉवेल राहिला होता. काठावर. तिथून मागे वळला. तेवढं पुरेसं नव्हतं तुला?"

हार्लनने पुढचा झेंडा घडी घालायला उचलला.

"सोमवारी स्मृतिदिनाच्या भाषणात ते सांगू नकोस," ती म्हणाली. "एवढं तरी कर."

"नाही सांगणार. शब्द देतो."

सोमवारी नदीकाठच्या मैदानात सगळं गाव जमलं. पहिल्या रांगेत नव्याने भरती झालेली मुलं बसली होती, केस कापलेली, मानेवर पांढरी त्वचा दिसणारी. हार्लन बोलायला उठला. हवामान, बँड, पाहुणे झाले. मग त्याने त्या मुलांकडे पाहिलं, मागे बसलेल्या त्यांच्या आयांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझ्या हातावर एका मित्राने प्राण सोडला."

दरवर्षी जिथे दाटून येई तिथेच त्याचा आवाज दाटून आला. खोट्यापेक्षा अर्लीनला ते जास्त लागलं. इतक्या वर्षांत तो हुंदका तिने खरा मानला होता. कित्येकदा रात्री त्याची पाठ थोपटली होती.

ती उठली आणि ध्वनिक्षेपकापाशी गेली. हार्लन बाजूला झाला. त्याला वाटलं, ती काही गोड बोलायला आली आहे.

"माझा भाऊ बुडून मेला," अर्लीन म्हणाली. "पुरात नेलेल्या ट्रकमधून एका पोराला सोडवताना. तो काही बोलला नाही. माझा नवरा तिथे नव्हता, जर्मनीत होता. लॉवेल चांगला मुलगा होता. एवढंच खरं आहे, बाकीचं नाही."

कोणी खोकलं. कोणीतरी खूण केली आणि बँड सुरू झाला.

मागून हॉलचा खजिनदार रे मॉस तिला बाजूला घेऊन म्हणाला, "असेलही तुझं खरं. पण ती पोरं समोर बसली होती, अर्लीन. आजच बोलायचं होतं का?"

"मग केव्हा? परत आल्यावर?"

पट्टी भिंतीवर तशीच राहिली. हार्लनने राजीनामा देऊ केला, तो कुणी घेतला नाही. भावाच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं, वयही झालंय, अशी बोलवा झाली. शुक्रवारचा मासा दुसरी कोणी तळू लागली. काहीजण गुपचूप येऊन सांगून गेले, "आम्हाला शंका होतीच." ते तिला सगळ्यात झोंबलं. "मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "हार्लन माणूस चांगला आहे गं," ते म्हणाले.

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहायला गेली, आणि व्हर्ननकडून नंबर मिळवून तिने गॉर्डनला फोन केला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," शेवटी तो म्हणाला. "तुला ते परक्याकडून ऐकायचं होतं."

"हो."

"बाबांनी खरंच माझी वाट पाहिली नव्हती?"

अर्लीनने डोळे मिटले. "रोज पाहायचे. पायरीवर बसून. मी खोटं बोलले."

त्याने फोन ठेवला.

उन्हाळा सरत आला तेव्हा त्याचाच फोन आला. "मी त्या गावात पाय ठेवणार नाही. तुला यायचं तर बसने ये."

ती गेली. ऑन्टारिओमधल्या त्या गाडीतळावर एक टक्कल पडलेला माणूस पुढे आला, तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, "म्हातारी झालीस." त्याची बायको बोलकी, सफरचंदांची छोटी बाग, दारावर कॅनडाचा लाल पानाचा झेंडा. तो पाहून अर्लीनच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्हा पुरुषांना एक लागतोच," ती म्हणाली.

"याने अजून माझ्याकडे काही मागितलं नाही."

"मागेल."

"मागेल तेव्हा बघू," गॉर्डन म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी दोघं एकाच टेबलावर जेवायला बसली. बोलणं फारसं झालं नाही. सफरचंदं उतरवून होईपर्यंत ती राहिली. आता दर शरदात जाते. त्याने तिला माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

हार्लनचं मात्र ती उघड सांगते. "लोकांना वाटतं, देशाच्या नावाने खोटं बोलला म्हणून मी घर सोडलं. देशाचं देश बघून घेईल. माझ्या भावाला त्याने माझ्याच हातांनी दाराबाहेर काढवलं, आणि मग त्याच हातांचं जेवत राहिला."

हे सांगताना तिचा आवाज चढत नाही. ऐकणारा मात्र तिच्या हातांकडे पाहायचं टाळतो.