उठा आता!

आता माझी फजिती माझ्याच तोंडानं ऐका, म्हणजे चहाबरोबर हसायला दुसरं काही लागायचं नाही!

नाशिकहून म्हैसूरला येऊन आम्हाला महिना झालेला. नवऱ्याची नोकरी तिथल्याच हेब्बाळ भागात. आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा: लेकीला, मुक्ताला, तिथल्या मुलींच्या शाळेत घालायचं. इंग्रजांच्या काळातली शाळा हो! मला दहावीनंतर घरी बसवलेलं, त्यामुळे पोरीच्या शाळेपायी जीव नुसता टांगणीला.

शेजारच्या सुमनअक्का पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या. म्हणाल्या, "भिता कशाला? हेडमिस्ट्रेस आपल्यातल्याच. मराठीच बोलतात. थोडं कन्नडा मिसळतं, अष्टे, एवढंच!"

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून घास उतरेना. व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शिपाईमामा फरशी झिजली का बघायला लागले.

आत गेलो. हेडमिस्ट्रेस बाईंनी मुक्ताला विचारलं, "या शाळेत का यायचं गं तुला?"

"मला नाही, आईला यायचंय!"

झालं! मी घामाघूम. बाई हसल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उठा आता!"

मी ताडकन उठले. बाई चकित. पुन्हा, तेही गोड आवाजात, "अय्यो, उठा आता?"

"उठलेच आहे की! अजून किती उठू?" माझा पारा चढला. "इंग्रज साहेब गेला, पण त्याची खुर्ची काही सुधारली नाही! एवढ्याशा बोलण्यावरून पोरीला हाकलता?"

मुक्ताचं बखोट धरलं आणि तरातरा फाटकाकडे निघाले.

मागून बाई धापा टाकत आल्या. हातात स्वतःचा डबा!

"अहो, जेवलात काय म्हणून विचारलं मी! ऊटा आय्ता? ऊटा म्हणजे जेवण! तोंड बघा किती सुकलंय तुमचं!"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांच्याच डब्यातली इडली गिळता गिळता विचारलं, "मग... प्रवेश?"

"पोरगी खरं बोलते. घेतली तिला. आणि आईला यायचंय म्हणाली ना? शनिवारी पालकांना कन्नडा शिकवतो आम्ही. या."

गेले की! वेणी-बिणी घालून पहिल्या बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांनी शाळेचा बाक! भरून आलं हो मला. बाई वर्गात आल्या, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऊटा आय्ता?"

आणि मी... उभी राहिले हो!